पियाजिओची उलाढाल वाढली, पण गाड्या कमी विकल्या गेल्या. बारामतीसाठी याचा अर्थ काय?

कोरोनाच्या धक्क्यातून सावरताना २०२१ हे वर्ष पियाजिओ या इटालियन वाहन कंपनीला चांगलं गेलं. समूहाची उलाढाल जवळपास १६७ कोटी युरो झाली. साथीच्या आधी, म्हणजे २०१९ मध्ये, ती सुमारे १५२ कोटी होती. निव्वळ नफाही ४.६७ कोटींवरून ६.०१ कोटी युरोवर गेला.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. २०१९ मध्ये कंपनीने जगभरात सुमारे ६ लाख ११ हजार गाड्या विकल्या होत्या. २०२१ मध्ये विकल्या ५ लाख ३६ हजार. म्हणजे पैसे जास्त आले, गाड्या ७५ हजारांनी कमी गेल्या. हे कसं झालं, याचं बरंचसं उत्तर भारतात सापडतं.

पियाजिओचा भारतातला कारखाना बारामती एमआयडीसीत आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ग्रीव्ह्जसोबतच्या भागीदारीतून इथे 'ॲपे' तीनचाकी बनू लागली. पुढे पियाजिओने ग्रीव्ह्जचा हिस्सा विकत घेतला. २०१२ पासून इथे व्हेस्पा स्कूटरही बनते. (इटालियनमध्ये ॲपे म्हणजे मधमाशी आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी.) या एमआयडीसीतून भिगवण रस्त्याने इंदापूर तालुक्यात शिरता येतं आणि पुढे पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. त्यामुळे कारखान्यातल्या शिफ्टचा प्रश्न फक्त बारामतीचा राहत नाही.

जग सावरलं, रिक्षा का नाही?

युरोपात साथीनंतर लोकांनी गर्दीच्या बस-मेट्रोऐवजी दुचाकी पसंत केली. तिथे विकली जाणारी स्कूटर किंवा मोटरसायकल महाग असते, त्यामुळे थोड्या गाड्यांतूनही मोठी उलाढाल होते.

भारतात उलटं घडलं. प्रवासी तीनचाकी चालते ती शाळा, स्टेशन, बाजार आणि वडापच्या जिवावर. लॉकडाउनमध्ये हे सगळं बंद झालं. त्यातच १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू होऊन गाड्यांच्या किमती वाढल्या. रिक्षा बहुतेक जण कर्जावर घेतात. रोजची कमाईच थांबल्यावर जुना हप्ता थकतो, आणि फायनान्स कंपनीही नवं कर्ज देताना हात आखडता घेते.

वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेची आकडेवारी बोलकी आहे. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे ७ लाख तीनचाकी विकल्या गेल्या. २०२०-२१ मध्ये हा आकडा सव्वादोन लाखांच्याही खाली आला आणि २०२१-२२ मध्ये जेमतेम २ लाख ६१ हजारांवर पोहोचला. तीनचाकी खड्ड्यातच राहिली. ७ लाखांची पातळी पुन्हा गाठायला २०२४-२५ उजाडलं.

(इथे एक लक्षात घ्यायला हवं. पियाजिओचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, सियामचं एप्रिल ते मार्च. त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवून टक्केवारी काढणं चुकीचं ठरेल.)

युरो की नग?

उलाढालीला गाड्यांच्या संख्येने भागलं, तर २०१९ मध्ये एका गाडीमागे सुमारे २,४९० युरो येत होते, २०२१ मध्ये ३,११०. यात सुट्या भागांची विक्रीही धरलेली आहे, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तरी दिशा स्पष्ट दिसते. मिलानच्या शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराला ही चांगली बातमी वाटेल. पण कारखान्याला भाग पुरवणारा लघुउद्योजक चाकं, केबल, सीट नगावर विकतो, आणि कंत्राटी कामगाराची हजेरीही किती गाड्या बनवायच्या यावरच ठरते. युरोचा आकडा त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतो, कधी पोहोचतही नाही.

२०२२ मध्ये दोन्ही आकडे एकत्र वाढले: उलाढाल २०० कोटी युरोच्या पुढे, गाड्या सव्वासहा लाख. नंतर पुन्हा उतार लागला. २०२४ मध्ये उलाढाल सुमारे १७० कोटी युरो होती, पण विकलेल्या गाड्या ४ लाख ८२ हजारांच्या आसपास, म्हणजे २०२० या लॉकडाउनच्या वर्षाइतक्याच. दरम्यान बारामतीतून निघणारा मालही बदलतो आहे. २०१९च्या अखेरीस इलेक्ट्रिक ॲपे बाजारात आली, तर २०२३च्या डिसेंबरमध्ये बारामतीतच बनलेली एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटरसायकल भारतात दाखल झाली. तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती ४ लाख १० हजार रुपये.