शिकवणी-ॲपचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. परंतु गेल्या दशकात घरोघर शिरलेल्या शिकवणीच्या ॲपकरिता ऋषित्वाचा दावा कोणी करणार नाही, तेव्हा त्याच्या वंशावळीची चौकशी करण्यास हरकत नसावी. ही चौकशी बहुधा यंत्राच्या अंगाने होते. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ हा संगणकीय अध्यापनाचा प्रयोग सुरू झाला, २००८ मध्ये ॲपलने ॲपचे दुकान थाटले आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी, नेमक्या शिक्षकदिनी, जिओने इंटरनेट स्वस्त केले, असा तो क्रम सांगतात. तो खोटा नाही; पण रोहे तालुक्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांत पाळीने राबणाऱ्या कामगाराच्या घरातून पाहू गेल्यास यंत्रापेक्षा दामाचा इतिहास अधिक बोलका वाटतो. शिकवणीचा मोबदला कोणी मोजला, यावरच तिचे रूप वेळोवेळी पालटत आले आहे.

पंतोजीची शाळा धान्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या पोस्तावर चाले. धुळपाटीवर अक्षर गिरवून घेणे, मोडीचा हात वळवणे आणि पावकी-निमकी तोंडपाठ करवणे एवढेच तिचे काम; कारण धान्य देणाऱ्या गृहस्थास जमाखर्च लिहिता येणारा मुलगा हवा असे. पुढे एल्फिन्स्टनच्या अमदानीत, १८२० नंतर, शालेय पुस्तके छापण्यासाठी मुंबईत मंडळी स्थापन झाली, खर्चाचा काही भार सरकारने उचलला आणि शिक्षण पाठांतराकडून छापील क्रमिक पुस्तकाकडे वळले. दात्यांचे धनही याच काळात विद्येकडे आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचेच. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी मिळवलेली संस्कृतची शिष्यवृत्ती जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची होती. तिची परतफेड करावी लागत नसे, ही गोष्ट पुढील हकिकतीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर या वंशाच्या दोन शाखा झाल्या. पहिली सरकारी. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली, १९८४ मध्ये दूरदर्शनच्या पडद्यासाठी पुण्यात बालचित्रवाणी आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापून पुस्तक आणि पडदा यांची गाठ घालून दिली, आणि तो प्रकार पुढे राज्याच्या पुस्तकांतही उतरला. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ चा. दुसरी शाखा बाजारातली. नवनीतची गाइडे, परीक्षेला ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आणि गल्लोगल्लीचे क्लास ही तिची पूर्वपीठिका. १९८८ मध्ये मुंबईत निघालेल्या महेश ट्युटोरियल्सने २०१४ च्या सुमारास आपले तास ‘रोबोमेट’ या ॲपमध्ये भरले, तेव्हा क्लास खोलीबाहेर पडला. २०१५ मध्ये बंगळुरूच्या बायजूजने आपले ॲप आणले आणि या व्यापाराचे गणितच बदलून टाकले.

ते गणित समजून घेण्यासारखे आहे. क्लासमध्ये विद्यार्थी वाढले की खोली आणि शिक्षक वाढवावे लागतात. ध्वनिचित्रित धडा एकदा तयार झाला की दहाव्या मुलास आणि दहा लाखाव्या मुलास तो जवळपास तितक्याच खर्चात पुरतो. ज्या मालाची दुसरी प्रत फुकट निघते, त्याचा खरा खर्च गिऱ्हाईक मिळवण्यात असतो. म्हणून काही दिवस फुकट, मग विक्रेत्याची फोनवर वा घरी येऊन मनधरणी, मग दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम एकदम आणि त्याची रक्कम कर्ज देणाऱ्या कंपनीमार्फत मासिक हप्त्यांनी, अशी रीत पडली. मूल शिको वा न शिको, हप्ता थांबत नसे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने बायजूजच्या चालकांस पाचारण केले आणि त्यानंतर दरमहा २५ हजारांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांस अभ्यासक्रम विकणार नाही असे कंपनीने जाहीर केले. म्हणजे धाटावच्या ठेकेदारी कामगाराचे दार कंपनीने आपल्या यादीतून वगळले. २०२२ मध्ये २,२०० कोटी डॉलर मूल्याची मानली गेलेली ही कंपनी जुलै २०२४ मध्ये, क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून, दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे दाखल झाली.

सरकारी शाखेचे धडे फुकट होते, परंतु धडा फुकट मिळणे आणि शिक्षण फुकट होणे यांत पुष्कळ अंतर आहे. महासाथीमुळे बंद पडलेल्या शाळांचे नवे वर्ष मोबाइलवरून सुरू करण्याची तयारी चालली असतानाच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले आणि रायगड जिल्ह्यात विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे व घरांची कौले एकदमच गेली. वीज आणि रेंज परतल्यावरही अडचण उरलीच. ज्वालाग्राही द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यात साधा फोन नेता येत नाही, तो फाटकापाशी जमा करावा लागतो. ज्या घरात फोन एकच, त्या घरातील मुलाचा दिवसाचा धडा बाप सकाळपाळीला असेपर्यंत पहारेकऱ्याच्या खणात कुलूपबंद राहतो, आणि सुटीचा भोंगा झाल्यावर सुरू होतो.

पंतोजीचे धान्य, सरकारचा खजिना, शंकरशेटांचे दान आणि कर्जकंपनीचा हप्ता या चार मार्गांनी आजवर शिकवणीचे मोल चुकते झाले. पैकी हप्ता बुडीत निघाला, आणि धान्य व दान आता एका जिल्ह्यालाही पुरणारे नाहीत. उरला खजिना, पण त्याने केवळ धड्याचा खर्च सोसून हात आखडता घेतला, तर फोन, वीज आणि रेंज यांचा आकार कामगाराच्या मजुरीतूनच वसूल होत राहील. पुस्तक जसे शाळेतर्फे मुलाच्या हाती पडते, तसे उपकरणही पडले पाहिजे आणि ते वापरून शिकवणारा शिक्षक वर्गात उभा असला पाहिजे. तोवर सरकारी ॲपसही बाजारी ॲपचेच धाकटे भावंड म्हणणे प्राप्त आहे.