ऐकणाऱ्यांनी राखलेलं गाणं

भास्करबुवा बखले यांचा आवाज ऐकलेला माणूस आज हयात नाही, आणि तो ऐकण्याची काही सोयही नाही. बडोदे संस्थानातल्या कठोर गावी १८६९ साली त्यांचा जन्म झाला आणि १९२२ साली पुण्यात ते वारले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेझबर्गने १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरवलं. म्हणजे ध्वनिमुद्रण या देशात आल्यानंतर पुढची वीस वर्षं भास्करबुवा होते. त्यांच्या तोडीच्या आणि त्यांच्याहून कमी तोडीच्याही गायकांच्या तबकड्या निघाल्या. बुवांची मात्र एकही तबकडी आपल्या हाती नाही.

तरीही मराठी रसिकांच्या बोलण्यात ते असे येतात, जणू परवाच कुठे त्यांची बैठक झाली होती. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनट म्हणून सुरुवात, बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्याकडून ग्वाल्हेरची तालीम, मग आग्र्याचे नत्थन खाँ, पुढे अल्लादिया खाँ. या तीन वाटा एका गळ्यात कशा एकत्र आल्या आणि तरी गाणं ठिगळांचं कसं वाटत नव्हतं, हे आपण आत्मविश्वासाने सांगतो. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकातल्या त्यांच्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. चाली आहेत, पण चाल बांधणाऱ्याचा गळा नाही. त्या गळ्याबद्दल आपण जे काही जाणतो, ते ज्यांनी ऐकलं आणि ऐकून झाल्यावर लिहून किंवा सांगून ठेवलं, त्यांच्यामुळे.

मी भाषांतराचं काम करते, म्हणून मला इथे गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आठवते. पैशाची भाषेतला तो मूळ ग्रंथ हरवला. आपल्याला तो कळतो सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’सारख्या नंतरच्या रूपांतरांमधून. मूळ संहिता गेली, तिची भाषांतरं उरली, आणि त्या भाषांतरांवरूनच मूळ केवढं असेल याचा अंदाज बांधायचा. भास्करबुवांच्या गाण्याचं नेमकं असंच झालं आहे. गोविंदराव टेंबे हे त्यांना गुरू मानणारे, त्यांच्या साथीला पेटीवर बसलेले. १९३९ साली आलेलं टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक म्हणजे बुवांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर बसून केलेल्या श्रवणाचा दाखला आहे. ते वाचताना आपण गाणं ऐकत नसतो. पण एक जाणता माणूस ते कसं ऐकत होता, हे आपल्याला दिसतं.

मैफलीबद्दल लिहिण्याची ही सवय कधी लागली, हे पाहायला हवं. दरबारात गाणं होत होतं तेव्हा ऐकणाऱ्याची पोच बिदागीत होती. शालजोडी, मोहरा, नेमणूक हाच अभिप्राय. ज्याला गाणं ऐकायचा अधिकार होता, त्याच्यावर ते कुणाला समजावून सांगण्याची जबाबदारी नव्हती. तिकीट आलं आणि हे बदललं. मिरजेहून बाहेर पडलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गायन केल्याची गोष्ट संगीताच्या इतिहासात सांगितली जाते. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुण्यात भास्करबुवांनी १९११ मध्ये गायन समाजाची स्थापना केली, तोच आजचा भारत गायन समाज. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ज्याला संस्थानिकाच्या दिवाणखान्यात कधी पाऊल टाकता आलं नसतं, असा कारकून, मास्तर, वकील आता पैसे देऊन खुर्चीवर बसला. त्याच्याजवळ द्यायला शालजोडी नव्हती. त्याच्याजवळ मत होतं, आणि मत छापणारी साप्ताहिकं होती.

केशवराव भोळे हे या नव्या श्रोत्यांतले सर्वांत धारदार लेखक. वैद्यकीचं शिक्षण सोडून ते संगीताकडे आले, आणि पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांचे संगीतकार म्हणून घराघरांत माहीत झाले. पण त्याआधी ‘शुद्धसारंग’ या टोपणनावाने त्यांनी आपल्या काळातल्या गायकांवर जे लिहिलं, त्याचं महत्त्व मला अधिक वाटतं. गायक हयात आहे, उद्या रस्त्यात भेटणार आहे, आणि तरी त्याच्या आवाजाचा लगाव, त्याच्या तानेची जात, त्याच्या खोडी यांविषयी बिनभिडस्त लिहायचं, हे तोवर मराठीत फारसं नव्हतं. वामनराव देशपांड्यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची तुलनाच मांडली: स्वर आणि लय यांच्यात कोणतं घराणं कोणत्या बाजूला झुकतं, याची. व्यवसायाने ते हिशेबतपासनीस होते, आणि पुस्तकातली शिस्त पाहून ते पटतंही.

मराठी माणसाला हे सगळं आपलंच वाटतं. कोलकात्यात राहायला आल्यावर माझा हा समज गेला. अमियनाथ सान्याल कृष्णनगरचे डॉक्टर. त्यांचं ‘स्मृतिर अतले’ हे पुस्तक मौजुद्दीन आणि काले खाँ यांच्यासारख्या गवयांना असं उभं करतं, की वाचताना पानाच्या तबकाचा वास यावा. कुमारप्रसाद मुखर्जी कोळसा उद्योगातले मोठे अधिकारी, स्वतः आग्रा घराण्याचे गाणारे. त्यांच्या ‘कुदरत रंगिबिरंगी’त घराण्यांचा इतिहास आणि गवयांच्या गमतीजमती एकाच दमात येतात. मद्रासला १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भरलेल्या संगीत परिषदेतून पुढच्याच वर्षी म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि डिसेंबरचा संगीत-मोसम सुरू झाला. त्या मोसमाची खबर कादंबरीकार कल्की ‘आनंद विकटन’मध्ये ‘कर्नाटकम्’ या नावाने घेत. तमिळ बोलीत ‘कर्नाटकम्’ म्हणजे जुन्या वळणाचा माणूसही. नाव घेतानाच त्यांनी चिमटा काढून ठेवला होता. चाळीसच्या दशकात तमिळ गीतांना कचेरीत मानाची जागा मिळावी म्हणून जी चळवळ झाली, तिच्यात कल्की आघाडीवर होते. मैफलीवरचं लेखन तिथे थेट भाषेच्या हक्काच्या लढ्याला जाऊन मिळालं.

डॉक्टर, हिशेबतपासनीस, कोळशाचा अधिकारी, कादंबरीकार. यांतल्या कुणाचंही पोट संगीतसमीक्षेवर नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या भाषेत, आपल्या शब्दांनी ऐकलं. अनुवाद करताना हे शब्दच अडतात. मराठीत मैफल ‘रंगते’ किंवा ‘जमते’. बंगालीत ‘आसर जमे’. क्रियापद तेच, पण मराठी ‘जमणं’मध्ये साधण्याचा, हाती येण्याचा अर्थ पुढे येतो, तर बंगालीत गोठण्याचा, घट्ट होण्याचा. दही जमतं तसा आसर जमतो. हिंदीत ‘समाँ बँधता है’. तिथे काळच बांधला जातो. तमिळमध्ये कचेरीला ‘कळै’ चढते, म्हणजे चेहऱ्यावर येते तशी टवटवी. आणि ‘कचेरी’ हा शब्द ऐकून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मामलेदार येतो, ती वेगळीच गंमत. चार भाषांतले हे श्रोते एकाच घटनेबद्दल बोलत आहेत, पण त्यांनी पाहिलेली घटना अगदी एकच नाही. एकाला रंग दिसला, एकाला घट्टपणा, एकाला थांबलेला काळ, एकाला चेहरा.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ध्वनिमुद्रण नव्हतं तोवर ठीक होतं; आता प्रत्येक मैफल खिशातल्या फोनमध्ये साठवता येते, मग शब्दांचं काम काय? याचं एक उत्तर इतिहासातच आहे. ‘भूगंधर्व’ रहिमतखाँ यांच्या तबकड्या आहेत. त्या उतारवयातल्या, आणि जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या. ज्या गायकाने रात्रीच्या रात्री लोकांना जागेवरून उठू दिलं नाही, त्याचा तो चिमूटभर अवशेष. या तबकड्या आणि समकालीनांनी केलेली वर्णनं शेजारी ठेवली, की दोन्हींची किंमत वाढते. आवाजाची ठेवण तबकडीतून कळते. पण त्या आवाजासाठी माणसं का थांबत होती, हे वर्णनातून.

दुसरं उत्तर मला या हिवाळ्यात मिळालं. एका महिन्याच्या अंतराने मी दोन शहरांत दोन गायकांकडून दरबारी कानडा ऐकला. पुण्यात, उघड्या मंडपात, रात्री साडेआठला. कोलकात्यात, बंद सभागृहात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. हा फरक गायकांच्या मर्जीचा नव्हता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी घातली. राज्य सरकारला वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि बंद सभागृहाला ही बंदी लागू नाही. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चाले आणि पहाटेच्या रागांनी उजाडे. उघड्या मंडपातली ती रात्र आता उरली नाही. कोलकात्यात मात्र १९५२ मध्ये सुरू झालेली डोव्हर लेन परिषद आता सभागृहात भरते, त्यामुळे तिथे रात्रभर गाणं अजून चालतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मंडपाशेजारी आजारी माणसं आणि अभ्यासाची मुलं राहतात. पण त्या नियमाने रागांचं घड्याळ हलवलं, हे नोंदलं पाहिजे.

पुण्यात दरबारी सुरू झाला तेव्हा लोक अजून येत होते. विलंबित ख्याल नीट बसायच्या आत मंडपात चुळबुळ होती. गाडी कुठे लावली, पाठीमागे चहा मिळतो का, असली कुजबुज. गायक तयारीचे होते. आंदोलित गंधार त्यांनी फार सुंदर धरला. पण साडेनऊ वाजून गेले आणि द्रुत बंदिश जरा घाईने आली. माझ्या शेजारच्या आजोबांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं. कोलकात्यात निम्मं सभागृह पेंगत होतं. शाली, माकडटोप्या, थर्मासमधला चहा. कुणाला कुठेही जायचं नव्हतं. गायिकेने मंद्र सप्तकात पाऊण तास काढला. तिथला गंधार पुण्याच्या गंधाराहून अचूक होता असं नाही. पण त्याच्या आजूबाजूला जागा होती. तो हलत हलत खाली ऋषभावर उतरायचा तेव्हा पेंगणारी डोकी एकदम वर यायची. नंतर दोन्ही मैफलींचे तुकडे मी फोनवर ऐकले. दोन चांगले दरबारी, एवढंच कळलं. किती वाजले होते हे त्यांत नव्हतं. पन्नास वर्षांनी कुणी संशोधक हे तुकडे उघडेल तेव्हा रात्र कुठे गेली हे त्याला फक्त शब्दांतून समजेल.

म्हणून मैफलीविषयी लिहिताना मी आता वेळ लिहिते. जागा लिहिते. आणि एक गोष्ट आवर्जून लिहिते, जी जुन्या लेखनात पुष्कळदा सापडत नाही: साथीदारांची नावं. टेंबे स्वतः पेटीवर बसत, म्हणून त्यांच्या लेखनात साथीची जाण आहे. एरवी ‘तबल्याची साथ समर्पक होती’ एवढ्यावर बोळवण झालेली दिसते. सारंगियांच्या कैक पिढ्या अशा बेनाव गेल्या. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांचा तर प्रश्नच नाही. ज्या स्त्रियांकडून अनेकांनी ठुमरी-दादरा ऐकला, त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या रूपाबद्दल आणि अदाकारीबद्दल जास्त लिहिलं गेलं. लिहिणारे बहुतेक पुरुष, शिकलेले, वरच्या जातींतले. त्यांनी राखलं म्हणून आपल्याजवळ काही आहे, आणि त्यांनी जे वगळलं ते कायमचं गेलं. मूळ हरवलेलं असताना भाषांतरकाराने एखादं प्रकरण गाळलं, तर त्या प्रकरणाचा पुढे कुणालाच पत्ता लागत नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. हजारो माणसं स्तब्ध बसून एक खरखरती तबकडी ऐकतात. भास्करबुवांसाठी असं काही करता येणार नाही. त्यांच्यासाठी पुस्तक उघडायचं, आणि शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या समोर बसलेल्या माणसाच्या कानांवर विश्वास टाकायचा. तो विश्वास उद्या कुणी आपल्यावर टाकणार आहे. मैफलीहून घरी आल्यावर, झोपण्याआधी, दहा ओळी लिहून ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे: कोण गायलं, कोणी साथ केली, कुठे, किती वाजता, काय हललं.