एसी पंपाचं बिऱ्हाड

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या गॅरेजात बंद पडलेली प्रीमिअर पद्मिनी ढकलत आणली की बॉनेट उघडायच्या आधीच निदान ऐकू येतं, "एसी पंप गेला असणार." मालक नव्या पिढीचा असेल तर गोंधळतो, कारण आजोबांच्या या गाडीत एसी कधी नव्हताच. हा एसी गारव्याचा नव्हे. अल्बर्ट शॅम्पियन नावाच्या माणसाची ती इंग्रजी आद्याक्षरं. हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ साली त्याने पॅरिस–रूबे ही खडबडीत रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली शर्यत जिंकली, पुढे अमेरिका गाठली आणि मिशिगनमधल्या फ्लिंट गावी स्पार्क प्लग बनवू लागला. त्याची एसी स्पार्क प्लग कंपनी जनरल मोटर्सच्या घरातच वाढली. १९२७मध्ये तो वारला. त्याच सुमारास, म्हणजे १९२०च्या दशकाच्या शेवटाला, कंपनीने प्लगच्या जोडीला इंजिनावर बसणारा पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा, पेट्रोल पंप आणला. तो इतका पसरला की पंप कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडच्या मिस्त्रींच्या तोंडी एसी पंप हेच नाव राहिलं.

जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनावरही एसीचाच पंप होता. हीच जनरल मोटर्स २००८ साली चाकणच्या शेजारी तळेगावला कारखाना घेऊन आली, २०२०च्या अखेरीस उत्पादन थांबवून निघून गेली, आणि ती जागा पुढे ह्युंदाईकडे गेली. शॅम्पियनची आद्याक्षरं मात्र भोसरीत अजून कामावर आहेत.

पण पंप मुळात लागलाच कशाला? सुरुवातीच्या मोटारींना तो नव्हता. पेट्रोलची टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मधे नळी. बाकीचं काम पृथ्वी करत होती. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली होती. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा लागला की इंजिन टाकीच्या वर जायचं आणि गाडी गुदमरायची. मग चालक गाडी वळवायचा आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा. फोर्डने मॉडेल एमध्ये टाकी डॅशबोर्डच्या पुढे, उंचावर नेली. पेट्रोल बिनबोभाट उतरू लागलं, पण बसणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोर पेट्रोलचा साठा आला.

ही जुनी रीत बघायला म्युझियममध्ये जायची गरज नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून निघालेल्या चेतकला पंप नव्हताच. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर तिच्याखाली, मधे कॉक. चालू, बंद आणि रिझर्व्ह. रिझर्व्हही संपलं की स्कूटर बाजूला आडवी करायची, पुन्हा उभी करायची, किक मारायची आणि तेवढ्या घोटभर पेट्रोलवर पुढचा पंप गाठायचा. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने गुरुत्वाकर्षण शाळेत वाचलं असेल, पण वापरलं ते असं.

मोटारीत हे जमेना, कारण टाकी मोठी व्हायला हवी होती आणि मोठी टाकी वर ठेवणं धोक्याचं होतं. ती मागे, डिकीखाली, चासीच्या पातळीला गेली. आता पेट्रोल खाली आणि इंजिन वर. टाकीत हाताने हवा भरून दाब देणं, हा एक उपाय झाला. दुसरा ऑटोव्हॅकचा : इंजिनाच्या इनटेकमध्ये जी ओढ तयार होते तिच्यावर पेट्रोल मागून खेचून एका छोट्या उंच डब्यात साठवायचं आणि तिथून खाली सोडायचं. कल्पना हुशारीची, पण खोट नेमकी घाटात उघडी पडायची. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इनटेकमधली ओढ जवळजवळ नाहीशी होते. पेट्रोल सर्वांत जास्त हवं तेव्हाच पुरवठा आखडायचा.

शॅम्पियनच्या कंपनीच्या पंपाने हा पेच सोडवला. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरताना पंपाची दांडी हलवतो. दांडी पडदा खाली ओढते, पेट्रोल आत येतं. पण पेट्रोल पुढे ढकलायचं काम दांडी करत नाही, पडद्याखालची स्प्रिंग करते. सगळी गंमत इथे आहे. कार्ब्युरेटर भरला, फ्लोटने सुई बंद केली, की स्प्रिंग पडदा वर रेटू शकत नाही. पडदा खालीच थांबतो आणि दांडी नुसती मोकळी हलत राहते. दाब चौरस इंचाला तीनचार पौंडांच्या आसपास, तोही त्या स्प्रिंगच्या जोरावर ठरलेला. वायर नाही, स्विच नाही, आणि इंजिन थांबलं की पंपही थांबला. यंत्राने स्वतःपुरतं भागवावं आणि उरलेलं कुणाच्या गळ्यात मारू नये, याचं इतकं नेटकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मात्र बिऱ्हाड इंजिनाच्या कुशीत मांडलं म्हटल्यावर तिथला ताप सोसणं आलं. पेट्रोल टाकीपासून पंपापर्यंत ओढत आणावं लागतं. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी असला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यात मे महिना, जुना मुंबई–पुणे रस्ता, बोरघाटातली ट्रकांची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तापलेलं इंजिन. नळीत वाफ धरते. वाफ दाबली की नुसती आकसते, सोडली की फुगते. पंप हलत राहतो आणि पेट्रोलचा थेंब पुढे सरकत नाही. यावरचं औषध म्हणजे ओलं फडकं. पंपाला गुंडाळायचं, वरून पाणी शिंपडायचं, पाचदहा मिनिटं थांबायचं. फियाट आणि ॲम्बेसेडरवाल्या कुटुंबांच्या डिकीत पाण्याचा कॅन असायचा तो फक्त रेडिएटरसाठी नव्हता. प्रीमिअर कंपनीचा कारखाना चिंचवडलाही होता, पण पद्मिनी तिथली नव्हे, कुर्ल्याची. म्हणजे पुण्यात आलेल्या बहुतेक पद्मिनी आधी हा घाट चढूनच आल्या.

हा पंप मरतानाही सांगून मरतो. पडद्याला बारीक चिरा पडल्या की अंगावरच्या छोट्या भोकातून पेट्रोल पाझरतं. कधी ते आतल्या बाजूने थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढावी तर ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

पंप बदलायचा म्हणजे दोन नळ्या, दोन बोल्ट. पण जुना मिस्त्री अख्खा पंप बदलत नाही, आतल्या पडद्याचं किट टाकतो. भोसरीतल्या एका वयस्कर मिस्त्रीमामांचं काम बघण्यासारखं होतं. पंप व्हाइसमध्ये धरायच्या आधी त्यांनी कानशीने दोन्ही अर्ध्यांवर मिळून एकच आडवी खूण केली. "मामा, ही कशाला?" हाताखालच्या पोराने विचारलं. "फिरवून बसवलास तर नळ्यांची तोंडं भलतीकडे जातील, मग माझ्याकडं बघशील." कडेचे स्क्रू निघाले. जुना पडदा त्यांनी दारातल्या उजेडात धरून ताणला. कापडाच्या थरांमधून सुईच्या टोकाएवढे चारपाच ठिपके चमकले. नवा पडदा बसवल्यावर स्क्रू आधी नुसते टेकवले, मग दांडी पूर्ण दाबून धरली आणि ती दाबलेली असतानाच समोरासमोरचे स्क्रू आवळत गेले. सैल दांडीवर आवळलं तर पडदा ताणून बसतो आणि पहिल्या काही दिवसांत फाटतो. शेवटी आत येणाऱ्या तोंडावर अंगठा ठेवून दांडी हलवली. अंगठा ओढला गेला. झालं. इंजिन आणि पंप यांच्यामधला जाड बेकेलाइटचा तुकडा मात्र पोराने फेकायला घेतला होता, तो मामांनी खेकसून परत मागवला. तो इंजिनाची उष्णता अडवतो, आणि त्याची जाडी बदलली तर दांडीची हालचालही बदलते.

नंतर प्रदूषणाचे नियम आले. १ एप्रिल २०००पासून देशभर युरो-१च्या तोडीचे, २००३मध्ये पुण्यात भारत स्टेज-दोन. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. डिसेंबर १९९८मध्ये बाजारात आलेली टाटांची इंडिका पिंपरीतच बनायची. तिच्या पेट्रोल आवृत्तीलाही ही वाट धरावी लागली. इंजेक्टरला तीनचार पौंड पुरत नाहीत, चाळीस-पंचेचाळीस लागतात, आणि एवढा दाब पुढे बसून ओढण्याने मिळत नाही. तो मागून ढकलावा लागतो. पंपाने बिऱ्हाड हलवलं आणि थेट टाकीत, पेट्रोलात बुडून बसला. आता तो विजेवर चालतो. भोवतीच्या पेट्रोलनेच त्याची मोटर गार राहते, आणि दाब असल्यामुळे नळीत वाफ धरणंही जवळपास संपलं. घाटातलं ओलं फडकं गेलं ते यामुळे.

नव्या जागेचं नवं दुखणं. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याचा पंप लवकर जातो, कारण गार करणारं पेट्रोलच भोवती नसतं. हा पंप पाझरत नाही. ओव्हरटेक करताना गाडी अचानक ढिली पडते, तापल्यावर बंद केलेली लवकर उठत नाही, आणि एके दिवशी चावी फिरवल्यावर मागून येणारी ती दोन सेकंदांची गुणगुण ऐकूच येत नाही. गुणगुण थांबली म्हणून लगेच नवा पंप आणणारे बरेच आहेत. फ्यूज, रिले, अर्थिंग आणि गाळणी बघितल्याशिवाय टाकी उघडणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट. वायरवर टेस्ट लॅम्प लावायला पाच मिनिटं पुरतात. उघडायचंच झालं तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली असतं ते झाकण काढायचं आणि आतली रिंग पितळी तुकड्याने ठोकून फिरवायची. लोखंडाची ठिणगी पेट्रोलच्या वाफेजवळ नको. इथे किट नसतं. फार तर नुसती मोटर बदलता येते, आणि बरेचदा अख्खी असेम्ब्लीच घ्यावी लागते. दाराच्या उजेडात पडदा धरून बघणारा डोळा इथे बिनकामाचा ठरतो, ही मला या बदलातली खरी हानी वाटते.

दुचाकीत हे बिऱ्हाड एकदा मांडून परतही गेलं. २००७मध्ये बजाजने पल्सर २२० इंजेक्शनसह आणली. २००९मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटर घेऊन स्वस्त झाली आणि चांगली खपली. इंजेक्शन बहुतेक दुचाकींमध्ये आलं ते २०२०च्या भारत स्टेज-सहानंतर.

आणि चाकणमध्ये तर पंप जुन्या घरी परतला आहे. २००९मध्ये सुरू झालेल्या तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात कुशाक आणि टायगून बनतात. त्यांच्या टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यासाठी दोनशे बारच्या वर दाब लागतो. एवढा दाब देणं टाकीतल्या मोटरच्या आवाक्यात नाही. म्हणून टाकीतला पंप पेट्रोल पुढे पाठवतो आणि इंजिनावर बसलेला दुसरा पंप, कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर उड्या मारत, त्याचा दाब वाढवतो. पडद्याच्या जागी पोलादी प्लंजर आला, पण चाल शॅम्पियनच्या पंपाचीच.

जुन्या गाड्यांच्या पंपावर सध्या गदा आहे ती इथेनॉलमुळे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१मध्ये झाले, त्यातली दोन ठिकाणं आपलीच, मिरज आणि मनमाड. जानेवारी २००३पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के सुरू झालं. २०२२मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, २०२५मध्ये वीसवर. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं. वीस वर्षं दुकानाच्या फळीवर पडलेलं 'ओरिजिनल' किट आणून खूश होणाऱ्याने हे लक्षात घ्यावं : तो पडदा ज्या पेट्रोलसाठी बनला ते आता मिळत नाही. इथेनॉल चालतं असं पाकिटावर लिहिलेलं नवं किट, मग ते साध्या कंपनीचं का असेना, जास्त टिकेल.

काही पद्मिनीवाले या कटकटीतून सुटायला एसी पंप काढून त्या जागी पत्र्याचं झाकण मारतात आणि टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवतात. वाफेचा त्रास जातो, सकाळी गाडी लवकर उठते. पण पंप कार्ब्युरेटरसाठीचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा बसवला तर चाळीस पौंडांपुढे फ्लोटची सुई टिकत नाही आणि इंजिनावर पेट्रोल सांडतं. दुसरं, जुना पंप इंजिन थांबलं की थांबायचा. हा चावी चालू असेपर्यंत चालतो, गाडी ठोकली गेली आणि नळी तुटली तरीही. म्हणून त्याची वायर सरळ इग्निशनवरून न घेता ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्यावी. इंजिन बंद पडलं, ऑइलचा दाब उतरला, की पंपाची वीज तुटते. सेल्फ मारताना ऑइलचा दाब नसतो, तेवढ्यापुरती स्टार्टरच्या वायरवरून एक जोड द्यावी लागते.