‘विद्यार्थी-खेळाडू’ : एका शब्दामागचे अर्थकारण

१९५५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट लुईस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील एका खेळाडूचा सामन्यात डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली दावा दाखल केला. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, त्यामुळे खेळाडू हा त्याचा नोकर ठरत नाही, असा निकालाचा आशय होता. याच न्यायालयाने १९५३ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी फुटबॉलपटूला मात्र भरपाई मंजूर केली होती, आणि त्या निकालाने देशभरातील महाविद्यालये धास्तावली होती.

याच धास्तीतून ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द जन्माला आला. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियंत्रण करणाऱ्या एनसीएए या संघटनेचे वॉल्टर बायर्स हे १९५१ ते १९८७ या काळात कार्यकारी प्रमुख होते. खेळाडूंना नोकर ठरवले जाऊ नये म्हणून हा शब्द मुद्दाम घडवला आणि संघटनेच्या सर्व नियमांत पेरला, अशी कबुली त्यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली. हौशी खेळाच्या उदात्त परंपरेतून आलेला वाटणारा हा शब्द मुळात वकिली बचावाचा होता.

आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवल्या तर या वादाचे गांभीर्य कळणार नाही. या स्पर्धा बहुधा रिकाम्या प्रेक्षागृहांत होतात आणि त्यांचे निकाल वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींत उरकतात. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांना लाखभर प्रेक्षक बसतील अशी मैदाने आहेत. एनसीएएच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १० अब्ज ८० कोटी डॉलरना विकले गेले. २०१६ मध्ये हा करार २०३२ पर्यंत वाढवला गेला तेव्हा त्यात आणखी ८ अब्ज ८० कोटींची भर पडली. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी कर्मचारी राज्यपाल नसतो, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो.

खेळाडूंच्या वाट्याला मात्र केवळ शिष्यवृत्ती होती, आणि १९७३ नंतर तीही एका वर्षापुरती. दुखापत झाली किंवा प्रशिक्षकाची मर्जी फिरली की तिचे नूतनीकरण थांबू शकत असे. चार वर्षांची हमी देण्याची मुभा महाविद्यालयांना पुन्हा मिळायला २०१२ उजाडले. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप १९७४ मध्ये एका सामन्यात मणक्याला इजा होऊन कायमचा पंगू झाला. त्याला कामगार भरपाई देय नाही, असे टेक्सासच्या न्यायालयाने २००० साली ठरवले. एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपिअरने आपल्याला कधी कधी रात्री उपाशी झोपावे लागते, असे सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरील मर्यादा उठवली. अब्जावधींची उलाढाल असलेल्या संघटनेला खेळाडूंच्या ताटातील वाढप मोजावेसे वाटत होते, यातच सारे आले.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा गेला तो एका व्हिडिओ गेममुळे. १९९५ मध्ये यूसीएलए संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा एड ओबॅनन याला एका गेममध्ये आपलीच हुबेहूब प्रतिमा खेळताना दिसली. गेम कंपनीला पैसे मिळत होते, एनसीएएला मिळत होते. ओबॅननला छदामही नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा लावला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे नियम स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करतात, असा निर्णय दिला. अपिलात त्याला काही कात्री लागली, तरी दार किलकिले झाले होते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना स्वतःचे नाव व छायाचित्र यांवर कमाई करू देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील एनसीएएची बंधने नऊ विरुद्ध शून्य मतांनी अवैध ठरवली. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी तर स्वतंत्र मतपत्रात, कामगारांना मोबदला न देणे हेच आपल्या मालाचे वैशिष्ट्य आहे, असा दावा इतर कोणत्याही उद्योगाला करता आला नसता, या आशयाची टीका केली. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने जाहिरातींतून मिळणाऱ्या उत्पन्नावरील बंदी उठवली.

तरीही सर्वांना हे दार सारखे उघडले नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचे टेनिस एकेरी विजेतेपद मिळवणाऱ्या सोमदेव देववर्मनप्रमाणे अनेक परदेशी खेळाडू शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जातात. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर काम करून पैसे मिळवण्यास कडक निर्बंध असल्याने शेजारच्या कोर्टवरील अमेरिकी सहकाऱ्याला सहज मिळणारी जाहिरात त्यांच्यासाठी व्हिसा धोक्यात आणणारी ठरू शकते.

महिला खेळाडूंचा प्रश्न याहून जुना. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. पण मार्च २०२१ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत ओरेगॉन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्सने व्यायामाच्या सोयीची चित्रफीत प्रसारित केली, तेव्हा पुरुषांच्या प्रशस्त व्यायामशाळेच्या तुलनेत महिलांना डंबेल्सचा एकच लहान स्टँड दिल्याचे जगाने पाहिले. त्यानंतर नेमलेल्या चौकशीत अधिक गंभीर गोष्ट पुढे आली. महिलांच्या स्पर्धेला प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, हे नेहमीचे उत्तर खरे नव्हते. या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क इतर खेळांबरोबर एका गठ्ठ्यात विकले जात होते. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव वापरण्याचीही महिलांना सोय नव्हती. स्वतंत्रपणे विकल्यास २०२५ मध्ये या हक्कांची वार्षिक किंमत ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलर होईल, असा अंदाज अहवालाने दिला. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना व आयोवा यांच्यातील अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला तेवढे प्रेक्षक लाभले नाहीत. स्पर्धेतील यशाच्या प्रमाणात महाविद्यालयांना रक्कम देण्याची पुरुषांकडील जुनी पद्धत महिलांसाठी सुरू झाली ती २०२५ मध्ये.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्कन यांनीच ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागील थकबाकीपोटी २ अब्ज ८० कोटी डॉलर, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंमध्ये थेट वाटण्यासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची वार्षिक मर्यादा, असे तिचे स्वरूप आहे. मात्र थकबाकीच्या सूत्रानुसार बहुतांश रक्कम फुटबॉल व पुरुष बास्केटबॉलकडे जाते. महिला बास्केटबॉलच्या वाट्याला पाच टक्क्यांच्या आसपास वाटा येतो. ज्या बाजारभावाच्या आधारे हे सूत्र ठरले, तो भाव महिलांचे हक्क गठ्ठ्यात विकून पाडलेला होता, हे विसरता येत नाही. काही महिला खेळाडूंनी ‘टायटल नाइन’चा आधार घेऊन लगेच अपील दाखल केले आणि थकबाकीचे वाटप थांबले.

व्यावसायिक खेळात पदार्पण केल्यावर ही दरी आपोआप मिटते असे नाही. आयोवाची केटलिन क्लार्क २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएत दाखल झाली तेव्हा तिचे पहिल्या वर्षाचे मूळ वेतन ७६,५३५ डॉलर होते. जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्यापूर्वी लीगमधील खेळाडूंनी आपली देणी मागणारे टी-शर्ट घालून सराव केला. पण व्यावसायिक खेळाडूंजवळ एक हत्यार असते, ते म्हणजे मान्यताप्राप्त संघटना आणि सामूहिक करार. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने २०१९ मध्ये समान वेतनासाठी दावा केला. २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली आणि त्याच वर्षी पुरुष व महिला संघांच्या संघटनांनी राष्ट्रीय महासंघाशी समान अटींचे करार केले. विश्वचषकाची बक्षिसे दोन्ही संघांनी एकत्र करून वाटून घ्यायची, असे त्यात ठरले. त्यामुळे २०२२ च्या कतार स्पर्धेत पुरुष संघाने मिळवलेल्या १ कोटी ३० लाख डॉलरमध्ये महिलाही वाटेकरी झाल्या.

महाविद्यालयीन खेळाडूंना असा करार करता येत नाही, कारण ते नोकर आहेत की नाहीत हा १९५७ चा प्रश्न ‘हाउस’ तडजोडीनेही सोडवलेला नाही. त्यांना मिळणारे पैसे नाव व प्रतिमेच्या वापराचे आहेत, वेतन नव्हे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंचा संघटना स्थापण्याचा प्रयत्न राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१५ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर बाजूला सारला. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. महाविद्यालयाने वाटाघाटी करण्यास नकार दिला, आणि मंडळातील राजकीय बदलानंतर प्रतिकूल निर्णय होईल या शक्यतेने ३१ डिसेंबर २०२४ रोजी हा अर्ज मागे घेण्यात आला.