पेडणे-डिचोलीची शाळा आणि मुलाची बोली

गोव्यातील मराठी शाळेचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९६१ पासून आरंभ करतो. ते सोयीचे असले तरी अपुरे आहे. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यापूर्वी सुमारे शतकभर आधी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढून जुन्या काबिजादींतील रयतेला तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावले होते. नव्या काबिजादींत तो कित्ता गिरवला गेला नाही. तेथील रूढी सांभाळण्याचे धोरण राहिले. १८५३ मध्ये त्यांची स्वतंत्र संहिताही झाली. यास आम्ही औदार्य म्हणणार नाही. तेरेखोलपलीकडे सावंतवाडीचे संस्थान होते आणि राज्यकर्त्यांना सरहद्दीवर शांतता हवी होती.

रूढी राहिल्या, पण मुलाला समजेल अशी सरकारी शाळा खेड्यात आली नाही. पणजीत १८५४ मध्ये लिसेव उघडले, तरी पेडण्याच्या मुलाला ते दूरच होते. ही उणीव पंतोजींनी भरून काढली. देवळाच्या चौकात किंवा एखाद्या मोठ्या घराच्या पडवीत धुळाक्षरे, पाढे, मोडी आणि जमाखर्च शिकवला जाई. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंना समान नागरिकत्व मिळाले आणि मराठी शाळांच्या संस्थांनी जोर धरला. आपल्या जुन्या घराण्यांना या पडव्यांचा अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. पण त्या पडवीत कोण बसत असे? घरची मुले, भटजींची, शेजारच्या व्यापाऱ्यांची. कुळांची मुले गुरे राखीत आणि डोंगरवस्तीवरच्या धनगर-गवळ्यांपर्यंत पंतोजी पोहोचलेच नाहीत.

ती भिंत फोडली भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीने. १९६३ ते १९७३ या दशकात गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६१ मध्ये साधारण ३१ टक्के असलेली गोव्याची साक्षरता २०११ पर्यंत ८८ टक्क्यांच्या पुढे गेली, त्याचा पाया या शाळांत आहे. कुळाचा मुलगा आणि भाटकाराचा मुलगा एका बाकावर बसला. आमच्या मते मुक्त गोव्यातील ही सर्वांत मोठी सामाजिक घटना होय.

तथापि पुस्तके आणि पुष्कळसे शिक्षकही महाराष्ट्रातून आले. पाठात ज्वारीचे शेत, हुरडा आणि मोट असे. मुलाने पाहिलेले कुळागर, खाजन, काजूचा डोंगर, धालोचा मांड त्यात क्वचितच येत. सरकारी चाकरीच्या काळात अशा शाळांत जाण्याचे प्रसंग आम्हांस आले. मूल 'उदक' म्हणाले की शिक्षक 'पाणी' म्हणून दुरुस्त करीत. संतसाहित्यात सन्मानाने वावरणारा शब्द शाळेत अशुद्ध ठरे, हा विनोदच म्हणायचा. पण त्या मुलाला विनोद कळत नसे. ते गप्प बसे. आल्व्होरच्या हुकमावर आपण तावातावाने बोलतो. धनगरवाड्यावरच्या मुलाच्या दृष्टीने आपली प्रमाण मराठीही वरून आलेलीच होती, हे मात्र आपल्या सभांतून कोणी बोलत नाही.

न्यूझीलंडमधील माओरींनी १९८२ पासून 'कोहांगा रेओ', म्हणजे 'भाषेची घरटी', उभारली. तेथे घरातील वडीलधारी माणसेच लहान मुलांत वावरून भाषा देतात. आपल्याकडे वाद झाला तो माध्यमाचा. १९८७ चा राजभाषा कायदा, १९९० चे अनुदान-धोरण, मग २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही खुला झालेला अनुदानाचा मार्ग. कोंकणी की मराठी या कलहात दोन्ही पक्षांनी मुलाची बोली आपल्याच खात्यावर मांडली. शिक्षकाने ती शिकावी असा आग्रह आम्ही फारसा ऐकला नाही. २००३ मध्ये गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, धनगर-गवळी त्या यादीत आले नाहीत.

आता मराठी शाळांचे पट घटत आहेत आणि आपली घराणी हळहळतात. आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. सरकारी मराठी शाळेत उरली आहेत ती बव्हंशी कुळांची, मजुरांची आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले. त्यांच्या घरी कोंकणी, कानडी, हिंदी बोलली जाते.