महिषबाथानचं मीठ, बॉस्टनचा चहा

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या सेक्टर फाइव्हला, म्हणजे तिथल्या आयटी कंपन्यांच्या वस्तीला, लागूनच महिषबाथान हे जुनं गाव आहे. १९३० साली इथे मिठाचा कायदा मोडला गेला. पुढाकार सतीशचंद्र दासगुप्तांचा. हे रसायनशास्त्रज्ञ, बेंगॉल केमिकलमधलं काम सोडून त्यांनी सोदपूरला खादी प्रतिष्ठान उभारलं होतं. तेव्हा सॉल्ट लेक हे शहर नव्हतं, विद्याधरी नदीच्या भरतीने खारावलेली दलदल होती. हुगळीतला गाळ आणून ती बुजवली गेली ती १९६०च्या दशकात.

मीठ करण्याची रीत सोपी. खारवट मातीचा वरचा थर खरवडायचा, ती माती पाण्यात कालवून गाळायची आणि निवळलेलं खारं पाणी चुलीवर आटवायचं. भांड्याच्या तळाशी मीठ धरतं. बंगालचे मलंगी पिढ्यान्‌पिढ्या असंच मीठ शिजवत. १७७२मध्ये वॉरन हेस्टिंग्जने हा धंदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत घेतला, आणि पुढच्या शतकात लिव्हरपूलहून येणाऱ्या मिठाने मलंगींच्या चुली विझवल्या.

राज्यकर्त्याचा मक्ता स्वयंपाकघरातून मोडायचा, या युक्तीचं कूळ शोधत मागे गेलं की आपण अमेरिकेत पोचतो, आणि तिथेही हीच कंपनी भेटते. १७७०च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षांत ती कर्जात रुतली होती. लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. तिला सावरायला ब्रिटिश संसदेने १७७३मध्ये कायदा करून तो चहा थेट अमेरिकन वसाहतींत विकण्याची मुभा दिली. चहा स्वस्त होणार होता, पण पौंडामागे तीन पेन्सचा कर कायम होता, आणि तो बसवणाऱ्या संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनकरांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत ही रात्र ठळक छापली जाते. मला मात्र महिषबाथानचा खरा पूर्वज तिच्या आधीचा वाटतो. १७६५च्या स्टँप कायद्यापासूनच न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टनचे व्यापारी विलायती माल न मागवण्याचे करार करत होते. पण करार दुकानदाराचा. तो पाळला घरातल्या बायकांनी. त्या एकत्र जमून दिवसभर सूत कातत, घरच्या विणीचं जाडंभरडं कापड वापरत, चहाऐवजी रानपाल्याचा काढा उकळत. पुढे १७७४मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटनच्या ५१ बायकांनी तर आपल्या नावानिशी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. चहा फेकायला एक रात्र पुरते. न पिण्याचा निश्चय रोज नव्याने करावा लागतो, आणि तो त्यांनी केला.

बंगालमध्ये बहिष्काराच्या या शस्त्राला धार लावणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, याचा मला फार अभिमान आहे. सखाराम गणेश देउसकर, जन्म १८६९, देवघरजवळचा. घराणं मराठी, लेखणी बंगाली. ‘देशेर कथा’ या १९०४च्या पुस्तकात त्यांनी विलायती व्यापाराने देशी कारागीर कसा बुडाला, हे आकड्यांनिशी मांडलं. पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९०५ला, वंगभंगाविरुद्ध, म्हणजे बंगालच्या फाळणीविरुद्ध, कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला. त्याच सुमारास चीनमध्ये अमेरिकन मालावर बहिष्कार चालू होता आणि बंगाली पुढाऱ्यांसमोर तेही उदाहरण होतं. म्हणजे दीडशे वर्षांच्या आतच हे शस्त्र अमेरिकेवरही उलटलं होतं. १६ ऑक्टोबरला फाळणी अमलात आली, त्या दिवशी बंगालमध्ये घरोघरी चूल पेटली नाही. इथेही लढा स्वयंपाकघरात शिरला तो बायकांमुळेच. देउसकरांच्या पुस्तकावर सरकारने १९१०मध्ये बंदी घातली.

१९३०मध्ये गांधीजींनी मीठ निवडलं आणि वाट उलटी झाली: विझवलेली चूल पुन्हा पेटवायची होती, सरकारी परवान्याशिवाय. कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर लोक धावले, इकडे महिषबाथानला पाणी आटवलं गेलं. मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन करारात, जिथे मीठ तयार होतं तिथल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. मिठावरचा कर हटायला १९४७ उजाडावं लागलं.