प्रतिष्ठानचं पैठण होताना

सातमाळा डोंगररांगेतल्या पितळखोरे लेण्यात एका खांबावर ब्राह्मी लिपीत दानाची नोंद आहे. दाता मितदेव, गंध विकणाऱ्या घराण्यातला, गाव ‘पतिठान’. लेख 2000 वर्षांहून जुना. प्रतिष्ठान या नावाचं पैठण होण्याची एक पायरी इथे दगडातच सापडते. ‘प्र’मधला ‘र’ गेला आहे. ‘ष्ठ’मधला ‘ष’ शेजारच्या ‘ठ’शी एकरूप झाला आहे, बोलताना तो ‘ट्ठ’ असणार, पण त्या काळी अशी दुहेरी अक्षरं सहसा एकेरीच कोरत. मधला ‘त’ मात्र शाबूत आहे. त्याच ओळीत मित्रदेवाचा मितदेव आणि स्तंभाचा ‘थभ’ झालेला दिसतो. म्हणजे हे एका गावाच्या नावाचं झिजणं नव्हतं, सगळी जोडाक्षरंच सैल होत होती.

पुढचा साक्षीदार ग्रीक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर ‘पैठाना’ नावाची बाजारपेठ सांगितली आहे. ‘त’ गेला! ही साक्ष मला व्याकरणकारांच्या साक्षीहून मोलाची वाटते. शिकलेला माणूस शब्द सुधारून लिहितो. या परक्या व्यापाऱ्याने कानांवर पडलं तसं लिहिलं.

दोन स्वरांमधला एकटा ‘त’ आधी मऊ होऊन ‘द’ होतो आणि मग नाहीसा होतो. शौरसेनी प्राकृत ‘द’पाशी थांबली, महाराष्ट्री पुढे गेली. भ्रातृचा भाऊ याच वाटेने आला: ‘भ्र’मधला ‘र’ गेला, मधला ‘त’ही गेला. ‘ष्ठ’चा ‘ठ’ होऊन ओष्ठाचा ओठ झाला, ‘न’चा ‘ण’ होऊन पानीयाचं पाणी झालं; यांतही पैठणचेच बदल आहेत. म्हणून अशा रूपांना ‘भ्रष्ट’ म्हणणं मला मुळीच मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची हजारो तोंडं एकाच रीतीने बोलतात, तेव्हा त्याला शिस्त म्हणायचं.

या शिस्तीला फाटेही आहेत. प्रतिपदेत तेच ‘प्रति’ आहे, पण तिचा झाला पाडवा. तिथे ‘र’ जाता जाता ‘त’ला ‘ड’ करून गेला. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘प्रति’मधल्या ‘त’चा ‘ड’ होतो असा नियम दिला, आणि तो जिथे लागत नाही त्या उदाहरणांत नेमकं ‘पइट्ठाण’ नोंदवलं. इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

उरलेलं काम थोडं होतं. ‘पइ’चं ‘पै’ झालं, ‘ट्ठ’चा एकेरी ‘ठ’ झाला, शेवटच्या ‘ण’मधला ‘अ’ गळला आणि ‘ठा’ आखडून ‘ठ’ उरला. स्थानकाच्या ठाण्यात मात्र ‘ठा’ आजही दीर्घ आहे. तिथे तो शब्दाच्या आरंभी येतो.